छातीवरच्या जांभळ्या रेघा

मिलो गिळायला सगळ्यांनाच जड जायचा. त्यामुळे आमच्या घरात एका माणसाला तो जास्तच जड जातोय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. पाथर्डीच्या अंगाला, डोंगराच्या कडेला आमचं गाव. जमीन सगळी कोरडवाहू, त्या वर्षी तिच्यात कुसळसुद्धा उगवलं नाही. मी आणि आमचे मालक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. मालक म्हणजे माझा नवरा. रेशनवर परदेशातून आलेला मिलो मिळायचा. दिसायला ज्वारीसारखा, पण तांबडा आणि कुबट वासाचा. पिठाला चिकटपणा म्हणून नाही. भाकरी थापली की कडेनं फाटायची आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. दुपारी खडीच्या ढिगाआड सगळे जेवायला बसले की त्या भाकरीवरच बोलणं चालायचं.

"आमेरिकेत हे डुकरास्नी घालत्यात म्हणं," एकजण म्हणायचा.

"डुकरांनी तोंड फिरवलं, तवाच हिकडं धाडलं," दुसरा म्हणायचा.

मालक हसायचे आणि पाण्याचा घोट घेऊन घास खाली ढकलायचे. घासामागं घोट सगळेच घेत होते. त्यांचे घोट जास्त होते, एवढाच फरक. तो कोण बघतंय?

घरात सासू होती. तिचा नवरा ती तरणी असतानाच गेला आणि दोन मुलगे तिनं एकटीनं वाढवले. थोरले आमचे मालक. धाकटा माझा दीर, तो आणि त्याची बायको भिंतीपलीकडच्या खोलीत वेगळे राहत. आम्हाला दोन मुली. सासू कमी बोलणारी, पण बोलली की तिचं ऐकावंच लागायचं. मालक जेवताना उचक्या देऊ लागले तेव्हा तिनं पडजीभ पडली असेल म्हणून गावातल्या एका म्हातारीला बोलावून त्यांच्या टाळूवरचे केस ओढून घेतले. केस आले चार हातात. घास काही जाईना. मग सासूनं ठरवलं की मिलोच वाईट आहे, आपली बाजरी आली की सगळं नीट होईल. मलाही तसंच वाटलं. सगळ्या गावाला मिलोच वाईट वाटत होता.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. बाजरी आली. फार नाही, पण आपली होती. पहिलं दळण दळलं, देवापुढं भाकरी ठेवली आणि मग पानं वाढली. तांदुळजाची भाजी, लसणाची चटणी आणि नवी भाकरी. दीर आणि जाऊही त्या दिवशी आमच्यातच जेवायला होते. वर्षभरानं आपल्या शेतातलं खात होतो, त्यामुळे कुणी फारसं बोलत नव्हतं. मालकांनी एक घास घेतला, पुष्कळ वेळ चावला आणि उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. ते भिंतीच्या आड वाकून उभे होते. घास मातीत पडला होता.

"काय झालं?"

"अडकलं."

"घशात?"

त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "हितं. हितनं खाली उतरत न्हाई."

"कवापासनं?"

"मिलोपासनं," ते म्हणाले. "मला वाटलं मिलोच हाय."

मी आत आले. सासूनं विचारलं, "काय गं, तिखट लागलं काय त्याला?" मी म्हटलं, न्हाई, तिखट न्हाई लागलं. मग मी माझी भाकरी खाल्ली. भूक होती.

नगरला एका डॉक्टरांनी त्यांना खडूच्या पाण्यासारखं पांढरं काहीतरी प्यायला दिलं आणि पाठोपाठ छातीचा फोटो काढला. मग त्यांनी बरोबर आलेल्या दिराला बाजूला बोलावलं. मी त्याच्या मागे उभी राहिले.

"बाई, तुम्ही तिकडं बसा," डॉक्टर म्हणाले.

"नवरा माझा हाय," मी म्हटलं.

त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. अन्न जायची नळी वरून रुंद येत होती आणि मध्येच दोऱ्याएवढी बारीक झाली होती. "ही गाठ आहे," ते म्हणाले. "कॅन्सर. पुण्याला जावं लागेल." दीर खाली बसला. मला वाटलं त्याला पाणी द्यावं, पण आसपास पाणी नव्हतं.

त्या काळात रोग्याला असलं काही सांगत नसत. दीर म्हणाला, "वैनी, दादाला सूज हाय म्हणून सांगू." मी म्हटलं, सांगा. पण पुण्याच्या एस.टी.त मालक माझ्या शेजारी बसले होते आणि त्यांनी सरळ विचारलं. मला खोटं बोलायला सुचत नाही. तेव्हाही सुचलं नाही.

"कॅन्सर म्हणत्यात," मी म्हटलं.

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. शिरूर गेल्यावर म्हणाले, "बरा व्हतो का त्यो?"

"मला म्हाईत न्हाई. तिथं इचारू."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नळी घालून आत बघितलं, तुकडा काढला, आणि आठ-दहा दिवसांनी तिथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. ते वयानं मोठे होते, हळू बोलायचे. ते म्हणाले, गाठ पार बरी होण्याच्या पुढे गेली आहे. ऑपरेशन होणार नाही. पण मशीनवर किरणांचा शेक दिला तर नळीतली वाट मोकळी होईल आणि काही महिने तोंडानं खाता येईल. शेक मध्ये तुटला मात्र नाही पाहिजे.

"म्हंजी भाकरी जाईल?" मालकांनी विचारलं.

"मऊ करून खाल्ली तर जाईल."

"मग द्या," मालक म्हणाले.

एवढंच मागायचं होतं आणि एवढंच मिळणार होतं. जीव वाचवायचं बोलणं त्या दिवसापासून आम्ही केलं नाही. देवाला नवस बोलली ती सासू, मी नाही.

शेक सुरू करायच्या आधी एका माणसानं मालकांना उघडं करून टेबलावर झोपवलं, पट्टीनं मोजलं आणि जांभळ्या औषधात काडी बुडवून त्यांच्या छातीवर चौकोन काढला. चौकोनात एक फुली. मग पालथं करून पाठीवर तसाच. मशीनचा झोत रोज त्याच जागी पडायला हवा, म्हणून ती खूण. त्यानं मला बजावून सांगितलं, या रेघांना पाणी लागू द्यायचं नाही. साबण नाही, तेल नाही, हळद नाही. शेकानं कातडं नाजूक होतं, घासलं तर निघून येतं. अंग पुसायचं ते ओल्या फडक्यानं, तेही रेघा सोडून.

"किती दिस?" मालकांनी विचारलं.

"शेक संपेपर्यंत. दीड महिना धरा."

"दीड म्हैना आंघूळ न्हाई?"

"पोटापासून खाली करा की," तो म्हणाला.

मालक मला म्हणाले, "म्हशीवानी निम्मं पान्यात बसायचं म्हन."

आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहिलो. एका मोठ्या खोलीत सगळ्या गावांची माणसं. प्रत्येकाची भिंतीलगतची जागा, एक वळकटी आणि स्टोव्ह. कुणाच्या जिभेला होतं, कुणाच्या छातीला. कुणी कुणाला कसं वाटतंय हे विचारायचं नाही, काय खाल्लं ते विचारायचं. साताऱ्याकडची एक बाई होती. तिच्या नवऱ्याच्या गालाला भोक पडलं होतं. ती रोज सकाळी मला विचारायची, "काय गेलं?" आणि मी सांगायची, दूध गेलं, पेज गेली. ती म्हणायची, "आमचं आतनं जातं आन् भाईरनं येतं." आणि आम्ही दोघी हसायचो. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर त्याला ते हसणं कळलं नसतं.

घटस्थापनेच्या सुमारास शेक सुरू झाला. जाड दार लागायचं आणि मालक आत एकटे राहायचे. मी पहिल्या दिवशी विचारलं, दुखतं का. ते म्हणाले, "काय बी कळत न्हाई. निस्तं घुमतंय. आपन येडं हून पडून ऱ्हायचं." पहिले काही दिवस गिळणं आणखीच अवघड झालं. दूधसुद्धा थेंब थेंब उतरायचं. ते भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि म्हणायचे, चल गावाला. मी म्हणायची, एवढं झालं की जाऊ. मलाही त्यावर भरवसा नव्हता, पण दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी पेजेचं भांडं एका दमात संपवलं. भांडं खाली ठेवून ते माझ्याकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मऊ भात गेला. मग मी घरनं आणलेल्या बाजरीच्या पिठाची भाकरी केली, दुधात कुस्करून तासभर भिजत ठेवली आणि त्यांच्यापुढं वाटी ठेवली. त्यांनी चमच्यानं खाल्ली. खाली गेली. साताऱ्याची बाई लांबून बघत होती. तिनं काही विचारलं नाही, पदरानं तोंड पुसलं आणि आपल्या स्टोव्हला पंप मारायला लागली.

"आता चटनी संगट खायाची," मालक म्हणाले.

"चटनी न्हाई मिळायची."

"तू कंजूस हायेस."

पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्या अंगाला जरा रया आली. छातीवरचं कातडं मात्र काळपट पडलं होतं, तव्याच्या बुडासारखं, आणि त्याला सारखी खाज यायची. खाजवायचं नाही असं सांगितलं होतं. ते चौकोनाच्या कडेनं बोटं फिरवत बसायचे.

अर्ध्याच्या पुढं शेक झाले आणि दिवाळी आली. सणाचे चार दिवस मशीन बंद राहणार होतं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस धर्मशाळेतच राहा. मालक म्हणाले, पोरींना बघून येतो. डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाले, जा, पण रेघा जशा नेताय तशा परत आणा. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

आम्ही घरी पोचलो तेव्हा सासू दारातच उभी होती. मुली मालकांच्या पायांना बिलगल्या. त्या दिवशी संध्याकाळी मालकांनी आईसमोर दुधात भिजवलेली भाकरी खाल्ली. तिनं डोळ्यांतून पाणी काढलं, देवाजवळ साखर ठेवली. मग त्यांनी उकडतंय म्हणून सदरा काढला आणि तिनं छाती बघितली.

आमच्या भागात मेंढरं फार. बाजारात खाटीक मेंढरू विकत घेतो तेव्हा त्याच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढून ठेवतो. मग ते कळपात कुठंही उभं असलं तरी ओळखू येतं, आणि धनगरानं विकलेलं असल्यामुळं परत येत नाही. सासूचा जन्म हे बघण्यात गेला होता. ती कंदील घेऊन जवळ आली, छाती बघितली, पाठ बघितली.

"खाटकानं वढावी तशी खून केली माझ्या लेकराव," ती म्हणाली.

"ती मशीनची खूण हाय, आत्याबाई," मी म्हटलं. "शेक तिथंच पडाया पायजे."

"पुसून टाक ती. उद्या चौदस हाय. तेल लावून न्हाऊ घालू त्याला."

"तेल लावायचं न्हाई. पानी बी न्हाई. डाक्टरनं सांगितलंय."

"डाक्टरला काय दिवाळी हाय का?"

"त्याला बी असंल. त्याच्या छातीवर रेघा न्हाईत."

मालक चौकोनाच्या कडेनं बोटं फिरवत बसले होते. सासू कंदील घेऊन आत गेली. मला वाटलं तिला पटलं. मी सगळं सांगितलं होतं: घास जातोय तो शेकामुळं जातोय, रेघा गेल्या तर शेक थांबेल. याच्यापेक्षा सोपं कसं सांगायचं मला माहीत नव्हतं.

सकाळी मी पाण्याला विहिरीवर गेले. सणाच्या दिवशी विहिरीवर सगळं गाव असतं, एका खेपेला वेळ लागतो. डोक्यावर हंडा घेऊन आले तर अंगणात न्हाणीच्या दगडावर मालक बसले होते, उघडे. सासू त्यांच्या मागे उभी राहून दोन्ही हातांनी पाठ चोळत होती. छाती आधीच चोळून झाली होती. तेलानं चकाकत होती. हळद आणि बेसनाचं उटणं दगडावरून खाली ओघळत होतं, त्याला जांभळा रंग आला होता.

मी हंडा उतरवला. सासू म्हणाली, "झालं. ग्येली बघ आवदसा." तिचं तोंड बरं वाटल्यासारखं झालं होतं. पुष्कळ दिवसांनी तिला मुलासाठी काही करता आलं होतं.

मी मालकांना म्हटलं, "तुमी का बसलात?"

"अंग लई खाजत हुतं," ते म्हणाले. डोळे मिटून घेतले होते त्यांनी. "आन् तिला बरं वाटंल म्हनलं. एवढी येक आंघूळ."

मी धुतलेलं लुगडं आणलं आणि छाती टिपून घेतली. घासली नाही. रेघा एका जागी फिकट उरल्या होत्या, बोटभर. बाकी काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाला छातीवरचं कातडं फोडासारखं वर आलं. तिसऱ्या दिवशी बनियन काढताना ते बनियनला चिकटून निघालं. आतलं मांस लाल, ओलं. सासूनं ते बघितलं आणि कोपऱ्यात जाऊन बसली. तिला वाटलं खुणेनं आत घर केलं होतं ते आता बाहेर पडतंय. असं ती शेजारणीला सांगत होती, मी ऐकलं.

पुण्याला डॉक्टरांनी सदरा वर केला.

"कुणी केलं हे?"

"मीच," मालक म्हणाले. "इसरलो."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत होते. ते म्हणाले, जखम सुकेपर्यंत शेक देता येणार नाही. जखमेवर शेक दिला तर भोक पडेल. मलम दिलं आणि थांबायला सांगितलं.

आम्ही धर्मशाळेत थांबलो. साताऱ्याची बाई गेली होती. तिच्या जागेवर दुसरे कुणी आले होते. जखम सुकायला तीन आठवडे लागले. आधी भाकरी जाईनाशी झाली, मग भात, मग पेज गाळून द्यावी लागली. जशी वाट उघडत गेली होती तशीच, त्याच पायऱ्यांनी, बंद होत आली. रोज एक वस्तू कमी व्हायची. मालकांनी एकदाही आईचं नाव काढलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "ती कुस्करलेली भाकरी लई चांगली लागली हुती." मी म्हटलं, "हां."

मग पुन्हा रेघा मारल्या. तोच माणूस, तीच काडी. या वेळी त्यानं काही बजावलं नाही. चार-पाच शेक झाले आणि मालकांना ताप भरला. पाणी प्यायले की खोकला सुटायचा आणि पाणी नाकातून यायचं. डॉक्टरांनी पुन्हा पांढरं पाजून फोटो काढायचा प्रयत्न केला, ते खाली उतरेचना. शेक बंद केला. पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली आणि नळीतून अन्न कसं घालायचं ते मला शिकवलं. नरसाळं लावायचं, पातळ गाळलेलं ओतायचं, वर थोडं पाणी, मग चिमटा लावायचा.

निघायच्या दिवशी मी एकटी डॉक्टरांकडं गेले.

"एक इचारायचंय," मी म्हटलं. "ती आंघूळ झाली नसती तर जगले असते का?"

"नाही," ते म्हणाले. "ते मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

"मग काय झालं असतं?"

"चार-सहा महिने जेवता आलं असतं. बहुतेक. खात्रीनं कोण सांगणार?"

मी म्हटलं, बरं. आणि वळकटी बांधायला गेले.

घरी आलो तेव्हा दीर आणि जाऊ ऊसतोडीला गेले होते. आमच्याकडं दर साली दिवाळीनंतर निम्मं गाव कारखान्यावर जातं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, एकट्या बाईला किंवा एकट्या पुरुषाला मुकादम सहसा घेत नाही. आधीच्या साली दुष्काळात ऊसच नव्हता. या साली ऊस होता, पण आमचा कोयता मोडला होता. जायच्या आधी दिरानं आमच्या रानात ज्वारी पेरून दिली होती, एवढा त्याचा उपकार. घरात दोन बायका, दोन मुली आणि नळी लावलेला माणूस.

सासू गाळायचं काम करायची. पेज शिजवून फडक्यातून गाळायची, फडकं पिळून पिळून एकही कण राहू द्यायची नाही. नरसाळ्याला ती हात लावायची नाही. ओतायचं काम माझं. मालक पोटाकडं बघत बसायचे, बैलाला गोठ्यात वैरण टाकताना बघावं तसं.

"प्वाट भरतंय," ते म्हणायचे, "पर जेवल्यावानी वाटत न्हाई."

मग त्यांनी एक युक्ती काढली. मी भाकरी भाजायला बसले की ते चुलीजवळ येऊन बसायचे, एक तुकडा मागून घ्यायचे, चटणीला लावायचे, सावकाश चावायचे आणि राखेत थुंकायचे. पुन्हा दुसरा तुकडा. मुली जवळ आल्या की पाठ फिरवायचे. एकदा सासू म्हणाली, "आन्न थुकू नये लेका." त्यांनी तिच्याकडं बघितलं. आवाज बसला होता, तरी ऐकू आलं. "मग काय करू, आई?"

ती पेज गाळायला उठली.

पौषात चावणंही बंद झालं. लाळ गिळवायची नाही, ती वाटीत काढावी लागायची. अंग असं झालं की कूस बदलताना मला एका हाताचं काम. संक्रांतीनंतर एका दुपारी गेले. मी बाहेर नरसाळं धूत होते. आत आले तर सासू त्यांच्या पायाशी बसली होती आणि तिला अजून कळलं नव्हतं. मीच तिला सांगितलं.

दिराला निरोप गेला, तो आला, तेरावा झाला, तो परत गेला. त्यानं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, थांबता येत नव्हतं. तोवर ज्वारी काढणीला आली. आमच्याकडं ज्वारी मुळासकट उपटतात. हाताला फोड येतात, कंबर मोडते. मजूर लावायची ऐपत नव्हती. सासू आणि मी पहाटेच रानात जायचो. मी एक पात धरायची, शेजारची पात ती धरायची. पात म्हणजे ज्वारीच्या चार ओळींचा पट्टा, या बांधापासून त्या बांधापर्यंत. ती म्हातारी होती, पण हाताला वाकबगार, फार मागं राहायची नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ऊन चढल्यावर, तिनं उपटता उपटता विचारलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"खरं सांग. त्या आंघुळीनं ग्येला का माझा ल्योक?"

"न्हाई," मी म्हटलं. "मी डाक्टरला इचारलं हुतं. आंघुळीनं गेले न्हाईत. जायाचेच हुते."

ती दोन-चार ताटं उपटून पुढं सरकली. मला वाटलं एवढ्यावर थांबेल. पण ती अर्धं ऐकून घेणारी बाई नव्हती.

"मग आंघुळीनं काय झालं?"

"खायाचं ग्येलं. चार-सहा म्हैनं त्यास्नी भाकरी गेली असती."

"डाक्टर म्हनला?"

"व्हय."

तिनं हातातली ताटं खाली ठेवली. पेंढीवर नाही, नुसतीच जमिनीवर. मग म्हणाली, "तू त्याला सांगितलं हुतंस का ह्ये?"

"न्हाई. पर त्यास्नी कळलं हुतं. डाक्टरनं कुणी केलं म्हणून इचारलं तवा ते 'मीच' म्हनले."

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि पुन्हा वाकली. एक ताट उपटायची, माती झटकायची, झटकतच राहायची. माती केव्हाच गळून गेलेली असायची. मी माझ्या पातीत पुढं निघून गेले. लोक म्हणतील, म्हातारीला कशाला सांगायचं. तिनं विचारलं होतं. आणि ती दोघं आई-मुलगा होती, एकमेकांशी बोलायला त्यांना वेळ उरला नव्हता. त्यानं तिच्यासाठी काय केलं ते तिला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं?

दिवस कलला तोवर माझी पात बांधाला लागली. मागं वळून बघितलं तर ती अजून निम्म्यात होती. मी पाणी प्यायले, हाताला माती चोळली आणि तिच्या पातीला समोरच्या बाजूनं लागले. ती तिकडून येत होती, मी इकडून. एकटीनं ती पात अंधार पडायच्या आत संपली नसती.